वाचण्याचे पैसे

बंगालीत पुस्तकाच्या मुखपृष्ठाला ‘प्रच्छद’ म्हणतात. मुळात शब्द संस्कृत, अर्थ पांघरूण, आच्छादन. शाळकरी मुलं पुस्तकांना खाकी कागद घालतात त्याला त्यांच्याकडे ‘मलाट’ असा वेगळा शब्द आहे. मराठीत त्या खाकी कागदाचं आपण सरळ ‘कव्हर’ केलं, आणि छापील चित्राला मात्र ‘मुखपृष्ठ’ हा भारदस्त शब्द ठेवला. म्हणजे बंगाली माणसाने पुस्तकावर काहीतरी पांघरलं आणि मराठी माणसाने पुस्तकाला तोंड दिलं. वीस वर्षं मी बंगालीतून मराठीत अनुवाद करते आहे आणि ‘प्रच्छद’ला ‘मुखपृष्ठ’ हाच प्रतिशब्द वापरत आले आहे. तो चुकीचा नाही. पण ह्या दोन शब्दांमध्ये जी फट आहे, तिच्याकडे माझं लक्ष वेधलं ते आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या एका मुलीने.

ही मुलगी इथल्या एका कला महाविद्यालयात इलस्ट्रेशन शिकते. म्हणजे मी हा मजकूर लिहायला घेतला तेव्हा शिकत होती. आता तिची शेवटची परीक्षा झाली आहे. मला ती ‘मासी’ म्हणते. साताऱ्याहून जादवपूरला तौलनिक साहित्य शिकायला आले तेव्हा मी तिच्याएवढीच होते, आणि मग इथेच राहिले. त्यामुळे आमच्या दोघींत वयाचं अंतर असलं, तरी परक्या गावातली मावशी आणि भाची एवढं नातं जमून गेलं आहे. तिचे आजोबा दफ्तरी होते. मराठीत दफ्तर म्हटलं की शाळेची पिशवी नाहीतर सरकारी कागदांचे गठ्ठे डोळ्यांपुढे येतात. कोलकात्यात दफ्तरी म्हणजे पुस्तकं बांधणारा, बाइंडर. शियालदा स्टेशनाजवळ बैठकखाना बाजारात कागदाची जुनी पेठ आहे, त्या भागात आजोबांचा गाळा होता. गाळा गेला, आजोबाही गेले. मुलीचे वडील त्या धंद्यात शिरलेच नाहीत. पण नातीच्या बोटांत ती सवय उतरलेली दिसते.

कॉलेज स्ट्रीटच्या जुन्या पुस्तकांच्या टपऱ्यांवर आम्ही महिन्यातून एकदा तरी जातो. मी पुस्तक हातात घेते ते शीर्षक आणि लेखक पाहून. ती आधी पाठीकडे बघते. पाठ म्हणजे पुस्तकाचा कणा. मग पुस्तक मधोमध उघडून शिवणीचा दोरा शोधते, फर्मे किती आहेत ते मोजते, पुठ्ठ्यावरचं कापड नखाने चाचपते, आणि सगळ्यात शेवटी समोरचं चित्र पाहते. चित्र पाहतानाही तिचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : रंग किती? जुन्या लेटरप्रेसच्या छपाईत प्रत्येक रंगासाठी वेगळा ब्लॉक करावा लागे आणि कागद तितक्या वेळा यंत्रातून काढावा लागे. तीन रंग म्हणजे तीन ब्लॉकांचा खर्च. प्रकाशक दोनच रंगांचे पैसे देणार असेल तर चित्रकाराने कागदाचा पांढरा हाच तिसरा रंग धरायचा. एक रंग दुसऱ्यावर चढवून आणखी एक छटा फुकटात मिळवायची. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या मुखपृष्ठांवर ते मोठे सपाट रंग आणि जाड रेषा दिसतात, त्यामागे शैलीइतकाच हा हिशेब आहे. तिने हे सांगेपर्यंत मी ती मुखपृष्ठं नुसती ‘छान’ म्हणून बघत होते.

कोलकात्यात पुस्तकातल्या चित्रांचा इतिहास बराच मागे जातो. चित्रं असलेलं पहिलं बंगाली पुस्तक ‘अन्नदामंगल’, गंगाकिशोर भट्टाचार्यांनी १८१६ साली काढलेलं. त्यानंतर चितपूरच्या बाजूला बटतलाचे छापखाने निघाले. पंचांगं, पुराणं, प्रहसनं, भुताखेतांच्या गोष्टी असं सगळं स्वस्तात छापून, लाकडी ठशांची चित्रं घालून ते विकत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उपेंद्रकिशोर रायचौधुरी ह्या लेखकाला आपल्याच पुस्तकातल्या चित्रांची छपाई इतकी वाईट वाटली, की त्याने स्वतः हाफटोन ब्लॉक करण्याचं शास्त्र शिकून त्यात संशोधन केलं आणि छपाईचा व्यवसायच काढला. त्याचा मुलगा सुकुमार, आणि नातू सत्यजित.

सत्यजित राय आपल्याकडे चित्रपट दिग्दर्शक म्हणून ठाऊक आहेत. आमच्या ह्या मुलीसाठी ते अभ्यासक्रम अर्धवट सोडलेले एक इलस्ट्रेशनचे विद्यार्थी आहेत, आणि मला तिची ही ओळख जास्त उपयोगाची वाटते. प्रेसिडेन्सी कॉलेजातून पदवी घेतल्यावर १९४० साली ते शांतिनिकेतनला कलाभवनात दाखल झाले. नंदलाल बोस आणि बिनोदबिहारी मुखर्जी हे शिक्षक. तिथे असताना मित्रांबरोबर आपल्या अजिंठा-वेरूळलाही जाऊन आले. १९४२च्या अखेरीस शिक्षण पुरं न करताच परतले आणि १९४३च्या एप्रिलमध्ये डी. जे. कीमर ह्या ब्रिटिश जाहिरात कंपनीत महिना ८० रुपयांवर लागले. त्याच कंपनीतले दिलीपकुमार गुप्त, ज्यांना सगळे ‘डी. के.’ म्हणत, त्यांनी त्या सुमारास सिग्नेट प्रेस ही प्रकाशनसंस्था सुरू केली आणि मुखपृष्ठं ह्या तरुणाकडे सोपवली. नेहरूंचं ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ १९४६ साली सिग्नेटनेच पहिल्यांदा प्रसिद्ध केलं, त्याचं मुखपृष्ठही रायांचं.

जिम कॉर्बेटच्या कुमाऊंच्या नरभक्षक वाघांच्या पुस्तकाचा बंगाली अनुवाद सिग्नेटने काढला होता. त्याचं मुखपृष्ठ ह्या मुलीने मला पहिल्यांदा नीट दाखवलं. पुस्तक उघडून पालथं धरायचं, म्हणजे पुढची आणि मागची बाजू सलग दिसते. सगळीकडे वाघाचे पट्टे. पुढच्या बाजूला गोळी आत गेल्याचं छोटं भोक, मागच्या बाजूला ती बाहेर पडल्याचं मोठं भोक. वाघाचं तोंड नाही, बंदूक नाही, शिकारी नाही. “मासी, बाहेर पडताना भोक मोठं होतं हे ज्याला माहीत आहे त्यानेच हे काढलं,” ती म्हणाली. “आणि पुस्तकाला जाडी असते, हेही.” वाघाच्या अंगाच्या जागी त्यांनी पुस्तकाचंच अंग घेतलं होतं. तिच्या तोंडून दफ्तऱ्याची नात बोलत होती.

दुसरं उदाहरण माझ्या बाजूचं. जीवनानंद दासांचा ‘बनलता सेन’ हा संग्रह १९४२ साली बुद्धदेव बसूंनी ‘एक पयसाय एकटि’ ह्या मालेत काढला, म्हणजे एका पैशाला एक. सोळा पानांची चोपडी. पुढे १९५२ साली सिग्नेटने त्याची वाढवलेली आवृत्ती रायांच्या मुखपृष्ठासह काढली. हेच बुद्धदेव बसू १९५६ साली जादवपूरच्या तौलनिक साहित्य विभागाचे संस्थापक झाले. त्या विभागात मी दोन वर्षं शिकले, कवितेच्या ओळींवर पानंच्या पानं लिहिली. एकच कविता सोळा पानी चोपडीत वाचणारा आणि बांधीव पुस्तकात वाचणारा हे दोन वेगळे वाचक असू शकतात, ह्यावर एकही निबंध लिहिला नाही. तो विषय आमच्या वर्गात कधी निघाला नव्हता.

आता माझ्या पुस्तकाची गोष्ट. एका बंगाली लेखिकेच्या तीन दीर्घकथा मी मराठीत आणल्या. त्यातली मुख्य कथा उत्तर कोलकात्यातल्या एका जुन्या वाड्यात राहणाऱ्या विधवेची. नवरा गेल्यावर घरचा जमाखर्च तिच्या हातात येतो, आणि हळूहळू त्या हिशेबाच्या वहीत ती जे कुणाला बोलू शकत नाही ते लिहू लागते. मराठी प्रकाशकाने (नाव सांगत नाही, माणसं भली आहेत आणि उशिरा का होईना पैसे देतात) मुखपृष्ठ पाठवलं. हावडा ब्रिज, पिवळी टॅक्सी, आणि पुढे लाल काठाची पांढरी साडी नेसलेली, मोठं लाल कुंकू लावलेली एक बाई. कुठल्या तरी छायाचित्रसंग्रहातून घेतलेली चित्रं एकत्र जोडलेली होती. मी फोन केला. पुस्तकात पूल नाही म्हटलं. बाई अख्ख्या कथेत गल्लीबाहेर पडत नाही. ते म्हणाले, “मॅडम, बंगाली आहे हे कळायला पाहिजे ना.” मग मी साडीचं सांगितलं. लाल काठाची पांढरी साडी आणि कपाळभर कुंकू हे बंगालमध्ये सवाष्णीचं लेणं आहे. त्या काळची विधवा बिनकाठाचं पांढरं ‘थान’ नेसे. म्हणजे मुखपृष्ठावरची बाई ही आतली बाई नव्हतीच, आतल्या बाईने जे गमावलं होतं तेच नेमकं तिच्या अंगावर होतं. फोनवर थोडा वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, “वाचकाला एवढं कुठे कळतंय?”

मराठी वाचकाला हे कळावं म्हणून तर मी दोन वर्षं घालवली होती. पण वाद वाढवला नाही. तुमच्याकडे दुसरा चित्रकार नसेल तर माझ्याकडे एक आहे, एवढं म्हटलं.

मुलीने आधी मूळ पुस्तक मागितलं. सारांश चालेल का विचारलं तर मान हलवली. आठ दिवसांत दोनदा वाचून आली आणि मला म्हणाली, “ती वही खेरोची आहे.” खेरो म्हणजे जाडंभरडं लाल कापड. त्या कापडात बांधलेली लांबट, पांढऱ्या दोऱ्याने शिवलेली हिशेबाची वही म्हणजे ‘खेरोर खाता’. दुकानदार पोइला बैशाखला, म्हणजे बंगाली नववर्षाला, नवी वही पुजतात. सत्यजित राय आपल्या चित्रपटांची टिपणं आणि रेखाटनं ह्याच लाल वह्यांतून करत. माझ्या अनुवादात मी तिथे ‘लाल चोपडी’ लिहिलं होतं, कारण मराठी वाचकाला दिवाळीतलं वहीपूजन माहीत आहे. वर्षाचा दिवस वेगळा, वही तीच. मुलीने चित्र काढलं ते एवढंच : पूर्ण लाल पृष्ठभाग, कापडाचा पोत, डावीकडे पांढऱ्या दोऱ्याचे टाके वरपासून खालपर्यंत, आणि खालच्या अंगाला एक टाका उसवलेला. दोनच रंग. मागच्या बाजूला काहीच नाही, नुसतं लाल. तो उसवलेला टाका कथेतल्या कुठल्या पानाचा आहे ते मला लगेच कळलं. ज्याने कथा वाचली नाही त्याला ती जुनी वही वाटेल. तेही चालेल.

मग अक्षरांचा प्रश्न आला. मराठी शीर्षकात दोन ‘ल’ आणि एक ‘श’ होता. तिने संगणकातला देवनागरी फॉन्ट लावून पाठवला, त्यात उजवीकडे उभा दंड असलेला हिंदी वळणाचा ‘ल’. आपला ‘ल’ पाकळ्यांचा आणि ‘श’ देठाचा. महाराष्ट्र शासनाच्या २००९च्या निर्णयातही ते वळण नोंदलं आहे. पण बऱ्याच फॉन्टांत ते मिळत नाही, आणि आपल्याकडच्या पाट्यांवर, पुस्तकांवरही दंडाचा ‘ल’ सर्रास दिसतो. मी तिला माझ्या आईचं एक जुनं पत्र दाखवलं. तिने तो ‘ल’ पन्नासएक वेळा काढून पाहिला, आणि शेवटी पूर्ण शीर्षक हातानेच लिहिलं, वहीत बोरूने लिहावं तसं. बंगाली मुलीच्या हातचा मराठी ‘ल’ पाहताना मला श्रीरामपूर आठवलं. इथून हुगळीच्या पलीकडे तासाभरावर. विल्यम कॅरीचं मराठी भाषेचं व्याकरण १८०५ साली तिथल्या मिशनच्या छापखान्यात छापलं गेलं, त्याचा मराठी कोश १८१०मध्ये. कोशासाठी तर मोडी खिळे होते. पंचानन कर्मकार आणि त्यांचे जावई मनोहर हे त्या छापखान्याचे अक्षरं कोरणारे कारागीर. मुंबईत निर्णयसागरने देवनागरी खिळ्यांना आपलं वळण दिलं, त्याच्या पन्नासहून अधिक वर्षं आधी मराठी अक्षरं बंगाली हातांनी कोरली गेली होती. हे मी तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “मग मी नवीन काही करत नाहीये.” तिला ह्यात आनंद वाटला.

प्रकाशकाने मुखपृष्ठ घेतलं. दोन दिवस घेतले, शीर्षक थोडं मोठं करायला लावलं, मागे हावडा ब्रिज टाकता येईल का असं एकदा विचारून पाहिलं. मानधन किती दिलं ते लिहीत नाही; विद्यार्थिनी आहे म्हणून मानधन, असं म्हणाले. त्यात तिचा कागद, रंग आणि कॉलेज स्ट्रीटला येण्याजाण्याचा खर्च निघाला.

पैसे जमा झाले त्या संध्याकाळी ती माझ्याकडे आली आणि तिने विचारलं, “मासी, वाचण्याचे पैसे कोण देतं?” चित्राला तिला तीन दिवस लागले होते. वाचायला आठ. बंगळुरूच्या एका कंपनीने तिला नोकरी देऊ केली होती, मोबाइलवरच्या खेळांची चित्रं काढायची. तिथे काहीच वाचावं लागणार नव्हतं आणि पगार तिच्या वडिलांच्या पगाराहून जास्त होता. घरचं कर्ज होतं. ती तक्रार करत नव्हती, खरंच माहिती विचारत होती.

मला उत्तर सापडलं ते तिच्याच नायकाच्या आयुष्यात, आणि ते फारसं दिलासा देणारं नाही. सिग्नेटची ती मुखपृष्ठं होत होती तेव्हा रायांचं घर कीमरच्या पगारावर चालत होतं. दिवसा ते मलेरियाच्या गोळीच्या जाहिराती करत. डी. कें.नी त्यांना मोकळीक दिली, चांगला कागद आणि चांगली छपाई दिली, ‘पथेर पांचाली’च्या मुलांसाठीच्या ‘आम आँटिर भेंपु’ ह्या संक्षिप्त आवृत्तीची चित्रं काढायला दिली. त्या वाचनातून १९५५चा चित्रपट निघाला. पण वाचायला लागलेला वेळ जाहिरातीने पुरवला. आपल्याकडेही वेगळं नव्हतं. अरुण कोलटकर जे. जे.मध्ये शिकले आणि पोट भरलं जाहिरातीच्या कामावर. दीनानाथ दलालांनी मासिकांची आणि पुस्तकांची इतकी मुखपृष्ठं काढली की आपल्या आजी-आजोबांच्या कपाटात त्यांची सही नाही असं होणार नाही. १९४५ साली त्यांनी स्वतःचं ‘दीपावली’ काढलं, म्हणजे चित्रकारानेच प्रकाशक व्हायचं ठरवलं. ज्याने वाचून चित्र काढलं त्याने वाचनाचा खर्च कुठून तरी बाहेरून आणला. अनुवादकाचंही तसंच आहे. मला शब्दांवर पैसे मिळतात. एक शब्द सुचावा म्हणून वाचलेल्या दहा पुस्तकांचा हिशेब कुठल्याही बिलात नसतो. माझा नवरा बँकेत आहे, हे मी तिला सांगितलं. तिला ते आधीच माहीत होतं.

तरी एक गोष्ट मी तिला दाखवली. पुस्तकाच्या आतल्या पानावर, जिथे बारीक अक्षरांत हक्क, आवृत्ती, मुद्रक वगैरे असतं, तिथे ‘अनुवाद’ आणि ‘मुखपृष्ठ व अक्षरलेखन’ ह्या दोन ओळी एकाखाली एक आहेत. दोन्हींचा टाइप सारखाच बारीक. मी प्रकाशकाकडे हट्ट धरला होता तो फक्त ‘अक्षरलेखन’ ह्या शब्दासाठी. कॉलेज स्ट्रीटच्या टपरीवर चाळीस वर्षांनी हे पुस्तक कुणी उचललं, पाठ पाहिली, शिवण पाहिली, आणि त्याला तो उसवलेला टाका दिसला, तर कुणी काढला हे त्याला सापडायला हवं. जुन्या पुस्तकांत आम्ही दोघी हेच शोधत असतो, आणि अनेकदा ती ओळ तिथे नसते.

ती जुलैत बंगळुरूला गेली. तिथे दिवसभर किल्ले आणि ड्रॅगन काढते. गेल्या आठवड्यात निरोप आला : पुढचं पुस्तक कुठलं घेतलं आहेस, संपूर्ण मजकूर पाठव, रात्री वाचीन. मी मूळ बंगाली पाठवलं. आणि माझा मराठी कच्चा खर्डाही सोबत जोडला, कारण आता तिला देवनागरी वाचता येते. हळू वाचते, पण वाचते.